जावळाची लोकर

खड्डा जेसीबीनं काढला, म्हणून निदान तेवढं तरी वेळेत उरकलं. नवनाथनं आपल्या मेव्हण्याचं मशीन बोलावून घेतलं. नाहीतर पाणी पिऊन बसलेल्या त्या काळ्या रानात फावडं मारलं की फावडंच तिथं रुतून राहत होतं. मोडनिंबच्या अलीकडं, हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येईल एवढ्या अंतरावर नवनाथचं रान. दर साल रेवणप्पाची मेंढरं इथं येऊन बसायची, रानाला खत व्हायचं आणि नवनाथ ज्वारी द्यायचा. यंदा त्याच बांधाला मेंढरं पुरायची पाळी आली. नवनाथ भला माणूस, तोंडातून चकार शब्द काढला नाही. उलट जाताना रेवणप्पाच्या थोरल्या सुनेजवळ, राजाबाईजवळ, दुधाची कळशी ठेवून गेला.

राजाबाईला त्या दुधाचं काय करावं ते सुचेना. चूल पेटत नव्हती. परवाच्या पावसात काटकं, गोवऱ्या, पांघरुणं सगळी भिजून गेली होती आणि आभाळ अजून मोकळं व्हायचं नाव घेत नव्हतं. नुसता धूर होत होता. धूर होता तोवर बरं होतं, डोळे कशानं भरले ते कुणाला सांगावं लागत नव्हतं.

मार्गशीर्ष हा थंडीचा महिना, पावसाचा नव्हे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आभाळाला कोण सांगणार? कातरणी एरवी दिवाळीच्या आगेमागे होते. म्हणजे थंडी कडक व्हायच्या आत मेंढरांच्या अंगावर पुन्हा बोटभर लोकर चढते. यंदा दिवाळी झाली तरी पाऊस हटेना. लोकर वाळेना, आणि ओल्या लोकरीवर कातर चालत नाही. वाट बघता बघता कातरणी महिनाभर पुढं गेली. मग एकदाचं लख्ख ऊन पडलं, केमकडची भावकी आपापल्या कातरी घेऊन आली आणि एका दिवसात मेंढरांची सगळी खांड कातरून झाली. त्याच रात्री वारं सुटलं, मागनं पाऊस आला, तो पहाटेपर्यंत थांबला नाही. उघडी पडलेली मेंढरं वाघरीत, म्हणजे त्यांच्या दोरीच्या जाळीच्या कुंपणात, एकमेकांच्या अंगावर चढून उभी राहिली. खालची चेंगरली, वरची गारठली. उजाडलं तेव्हा निम्म्याहून जास्त खांड आडवी झाली होती, आणि कोकरं तर हाताच्या बोटांवर मोजावी एवढीच उरली होती.

सोलापुराहून गाडी आली ती दुपारच्या सुमाराला. विरेशनं, रेवणप्पाच्या धाकट्या लेकानं, कारखान्यातल्या दोस्ताची गाडी मागून आणली होती. मागच्या सीटवर त्याची म्हातारी आई चंद्रव्वा आणि थोरला भाऊ धुळाप्पा आणि राजाबाई यांची लेक सिद्धेश्वरी. गुडघे गेल्यापासून चंद्रव्वा भवानी पेठेत विरेशच्या घरी असायची, आणि सिद्धेश्वरीही नर्सिंगच्या कॉलेजासाठी तिथंच राहायची. माघात तिचं लग्न धरलं होतं. पोरगी गाडीतून उतरली ती तडक आईच्या गळ्यात पडली.

चंद्रव्वा दाराला धरून उतरली. नवरा रेवणप्पा वाघरीपाशी पाठमोरा उभा होता, त्याच्याकडं तिनं बघितलं नाही. थोरला लेक धुळाप्पा फाटलेल्या वाघरीच्या गाठी मारत बसला होता, त्याच्याशीही बोलली नाही. ताज्या मातीच्या ढिगाला वळसा घालून, काठी टेकत ती सुनेपाशी आली आणि म्हणाली, "लोकर कुटं हाय?"

राजाबाईनं लेकीच्या गळ्यातला हात काढला.

"जावळाची लोकर गं. येगळी बांदून ठिवा म्हनलं व्हतं न्हवं मी?"

"हाय की. ताडपत्रीखाली हाय," राजाबाई म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "तिला काय झालंय, आत्याबाई? येक थेंब लागला न्हाई लोकरीला. कोरडी हाय बगा."

चंद्रव्वानं मान हलवली. ताडपत्रीखालचं पोतं तिनं सिद्धेश्वरीकडून बाहेर ओढवून घेतलं, बोटानं शिवण चाचपली, आणि पोत्यावरच बसली. काठी मांडीवर आडवी घेतली. राजाबाईच्या मनात आलं, एवढी जित्राबं मातीत गेली आणि हिला घोंगड्याची पडलीय. इतक्या वर्षांत सासूचं वाईट वाटलं नव्हतं असं नाही, पण आजच्याएवढं कधी वाटलं नव्हतं.

कोकराच्या अंगावरची पहिली लोकर म्हणजे जावळ. पुन्हा तेवढी मऊ लोकर त्या जनावराला जन्मात येत नाही. चंद्रव्वाच्या बापानं तिच्या लग्नात जावळाची घोंगडी विणवून घेतली होती. नवरानवरी तिच्यावर बसली, अक्षता पडल्या, आणि तीच घोंगडी रेवणप्पानं पुढं जन्मभर खांद्यावर वागवली. नातीच्या लग्नातही घोंगडी आपल्याच खांडीच्या जावळाची असावी, हा म्हातारीचा हट्ट. दिवाळीपासून तिचे फोनवर फोन चालले होते. घोंगडी विणणाऱ्या सनगराला दिवस लागतात, जावळ काढा, अजून कसं काढलं नाही, पोरगी काय बाजारातल्या घोंगड्यावर बसणार का, हेच पालुपद.

पोत्याजवळ एक मेंढी आली आणि पोत्याला तोंड लावून उभी राहिली. काळी, कपाळावर पांढरा ठिपका. धुळाप्पा तिला टिकली म्हणायचा. सगळ्या काळ्या कोकरांत तिचं एकटीचं कोकरू खैऱ्या रंगाचं होतं. परवा सकाळी ते तिच्या पोटाखाली सापडलं, आणि ती त्याच्यावरून हलायला तयार नव्हती.

"हाड," म्हणून चंद्रव्वानं काठी उगारली. टिकली चार पावलं मागं गेली आणि तिथंच थांबली.

*

त्या ओल्या लोकरीच्या, शेणामुताच्या वासानं विरेशनं नाकाला रुमाल लावला, आणि लावला याचीच त्याला लाज वाटली. सातवीपर्यंत तो याच वासात झोपला होता. आता दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला असतो, नव्या सुताचा वास अंगाला लागतो, आणि बायको म्हणते तुम्हाला मेंढराचा वास गेला बघा एकदाचा. गेला, खरंच गेला. भावासमोर चवड्यावर बसताना त्याचे गुडघे कडकड वाजले.

"अण्णा, दुपारनं ट्रक येतोय," तो म्हणाला. "व्यापाऱ्याशी बोलून ठिवलंय मी."

धुळाप्पानं गाठ आवळली. पुढची जाळी ओढून घेतली.

"कसला ट्रक, भाऊजी?" राजाबाईनं चुलीपासून विचारलं.

"उरलीत ती घेऊन जाईल, वैनी. आज परत पाऊस सांगितलाय. अंगावर लोकर न्हाई, पोटात चारा न्हाई. आजची रात काढतील का ती? का उद्या परत जेसीबी सांगायचा?"

विरेशला वाटलं होतं आता वैनी उसळतील, अव्वा काठी आपटेल, अण्णा नेहमीसारखा उठून चालू लागेल. त्यानं सगळ्याची तयारी ठेवली होती. आणि झालं भलतंच. राजाबाई हात पुसत पुढं आली आणि म्हणाली, "भाऊजी बराबर बोलत्यात."

धुळाप्पाचा हात थांबला.

"बगू नगा माझ्याकडं आसं. बोलू द्या मला आज. लगीन हून आले तवापासनं चालतीया मी. सिद्धू कुटं झाली? केमच्या टेसनामागं, लिंबाच्या झाडाखाली. दुसऱ्या दिशी घोड्यावर बसवलं मला आन् बिऱ्हाड हाललं. म्या कदी काय म्हनलं न्हाई. आता म्हनते. द्या मेंढरं. मला घरात निजायचंय. दाराला कडी लावून."

"कडी लावून काय करशील?" पोत्यावरून चंद्रव्वानं विचारलं. आवाजात राग नव्हता. "भिताडं बगशील. म्या बगते की रोज."

"अव्वा, तुला काय कमी केलं आमी?" विरेशला ते लागलं.

"कमी न्हाई रं लेकरा. लई करतोस तू. तुजी बायको गरम गरम वाढती. पर सकाळ झाली की वरडत कोन न्हाई तितं." म्हातारी जरा थांबली. "हितं उठल्या उठल्या वरडायची न्हवं सगळी."

सिद्धेश्वरीनं आज्जीच्या पाठीवर हात ठेवला. विरेश उठून उभा राहिला. सगळा राग गप्प बसलेल्या भावावर निघाला.

"म्या फोन केलता तुला, अण्णा. कातरणीच्या दिवशी, भर दुपारी. पाऊस येतोय म्हनलं, वारं येतंय म्हनलं. मोबाईलवर सगळं लाल दिसत हुतं. तू काय म्हनलास? बरं म्हनलास. बरं म्हनून फोन ठिवलास आन् परत कातरत बसलास."

"व्हय," धुळाप्पा म्हणाला.

"नुसतं व्हय? निम्मी झाली हुती ना तवर? निम्मी तशीच ठिवायची हुतीस. मोठी मरू दे, कोकरं तरी ठिवायची. कोकरं सगळ्यात शेवटी कातरत्यात, मी काय इसरलोय व्हय ते? यवडं कसं डोकं चाललं न्हाई तुजं?"

धुळाप्पानं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी मार खाताना व्हायच्या तशा. तेवढ्यात राजाबाई मध्ये येऊन उभी राहिली.

"भाऊजी, माझ्या नवऱ्याला बोलायचं न्हाई."

"आत्ता तुमीच तर माझ्या बाजूनं—"

"मेंढरं द्या म्हनले मी. नवऱ्याला बोला म्हनले न्हाई. तुमचा फोन कदी येत न्हाई, सांगा की. भादव्यात आला, पाऊस येनार म्हून. हिरवागार माळ सोडून पळालो आमी, येक थेंब पडला न्हाई. नवरात्रात आला, तवा बी तसंच. आन् दिवाळीत काईच न्हाई म्हनला आन् ढगफुटी झाली. कवाचा खरा धरायचा आन् कवाचा खोटा, ते बी येतं का मोबाईलमदी? तरी तुमचा फोन आला तवा ह्यांनी कातर खाली ठिवली हुती. माझ्या डोळ्यांम्होरं ठिवली. परत उचल म्हनलं कोन, ते इचारा."

"राजा, गप," धुळाप्पा म्हणाला.

पण ते बोलून झालं होतं. सगळ्यांच्या नजरा वाघरीकडं वळल्या, जिथं म्हातारा रेवणप्पा पाठमोरा उभा होता.

*

रेवणप्पाला सगळं ऐकू आलं होतं. कान काही गेले नव्हते त्याचे. अंगात नुसती पैरण होती आणि वाऱ्यानं ती पाठीला चिकटत होती. त्या रात्रीपासून त्याच्या खांद्यावर घोंगडी नव्हती. कुठं आहे म्हणून राजाबाईनं दोनदा विचारलं, तर त्यानं उत्तर दिलं नाही.

तो कातरणीचा दिवस त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा येत होता, आणि त्यात वाईट असं काहीच दिसत नव्हतं, हाच तर त्रास होता. ऊन चांगलं होतं. केमहून भावकी आली होती. कातरणीला कुणी मजुरीनं येत नाही. आज तुम्ही आमची खांड कातरा, उद्या आम्ही तुमची, असं ते बापजाद्यांपासून चालत आलेलं. सकाळी सगळ्या कातरी एका कांबळ्यावर ठेवल्या, भंडारा वाहिला, पहिली मेंढी बिरोबाच्या नावानं कातरली. एकदा ती पहिली कातर लागली की शेवटचं कोकरू होईपर्यंत कातर खाली ठेवायची नाही, मग पाहुण्यांना जेवायला वाढायचं, अशी त्यांच्या घराची रीत. अर्ध्यावर थांबलं तर ती खांड अर्ध्यावरच राहते म्हणतात. रेवणप्पाच्या बापानं कधी थांबवली नव्हती. आज्यानं कधी थांबवली नव्हती.

दुपारी धुळाप्पा फोनवर बोलून आला आणि त्यानं कातर खाली ठेवली. "अप्पा, कोकरं ऱ्हाऊ द्या. विऱ्या पाऊस म्हनतोय," असं म्हणाला. रेवणप्पानं वर बघितलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. भावकीतली माणसं हात थांबवून बापलेकांकडं बघायला लागली. आणि रेवणप्पा म्हणाला, "उचल ती. आपल्या घरात कातर खाली ठिवत न्हाईत." धुळाप्पा वाकला आणि त्यानं कातर उचलली. आयुष्यभर ज्या पोरानं बापाचा शब्द पाडला नाही, त्यानं त्या दिवशी एकदा पाडला असता तर काय बिघडलं असतं, असं म्हाताऱ्याच्या मनात येत होतं. असं मनात येतं याचीही त्याला शरम वाटत होती.

आणि आज परत तेच. थोरला सगळं अंगावर घेऊन गाठी मारत बसला होता.

रेवणप्पा सावकाश त्यांच्यापाशी आला. बसला नाही.

"विऱ्या, त्येला बोलू नगंस," तो म्हणाला. "त्यो नगं म्हनत हुता. म्या कातराय लावलं."

बापाला उलट बोलायची विरेशला सवय नव्हती.

"आभाळ बगून सांगितलं म्या. जलमभर आभाळ बगूनच सांगत आलो. आता ते आभाळ ऱ्हायलं न्हाई, यवडंच कळायचं ऱ्हायलं हुतं मला." त्यानं पैरणीच्या बाहीनं तोंड पुसलं. "हितनं म्होरं मला काय इचारू नगा. धुळ्या सांगंल ते."

आता सगळ्यांना वाटलं, धुळाप्पा ट्रक परत पाठवणार. विरेशलाही तसंच वाटलं. शाळेत गेला नाही, गावात राहिला नाही, पोरीच्या सुपारीलासुद्धा मेंढरं कुणाच्या हवाली करून आला नाही असा हा माणूस. जो मेंढरांच्या पोटदुखीनं स्वतः उपाशी राहतो, तो ती व्यापाऱ्याला काय देणार?

धुळाप्पानं वाघर बाजूला सारली. ती पुरती दुरुस्त झाली होती.

"द्या," तो म्हणाला.

राजाबाईच्या तोंडून हुंदका फुटला. मागत होती तीच, आणि रडायलाही तीच लागली.

"आवं, म्या रागात म्हनलं," ती त्याच्याजवळ बसली. "माजं काय धरता? नगा दिऊ. काडू की आपुन आजची रात कशीबी."

"तुजं ऐकून न्हाई, राजा." त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. "परवा रातभर म्या हातानं चोळत हुतो एकेकाला. ह्याला चोळलं की त्ये पडायचं. माझ्या मांडीवर जीव सोडला किती जनांनी. माझ्यानं परत हुनार न्हाई ते. मला बगवनार न्हाई. द्या तुमी."

*

ट्रक रानाच्या वाटेवर रुतत रुतत आला. व्यापारी बोलायला गोड होता, चेहरा पाडून "लई वंगाळ झालं बगा" म्हणाला आणि लगेच मेंढरांच्या पाठी दाबून बघायला लागला. कोकरं बघून मात्र त्यानं हात झटकले. ही वाटेतच मरतील, मला नकोत, म्हणाला.

मग धुळाप्पानं एवढंच सांगितलं, की ज्या मेंढीच्या पायाशी जितं कोकरू आहे ती न्यायची नाही. अशा थोड्याशाच निघाल्या. बाकी सगळ्या ट्रकात चढवायच्या ठरल्या. व्यापाऱ्याचा माणूस त्यांना पाय धरून फरफटवायला लागला तेव्हा धुळाप्पानं त्याला बाजूला केलं. एकेकीला त्यानं स्वतः छातीशी धरून उचललं आणि फळीवर उभं केलं. विरेश वरून हात देत होता. दोघे भाऊ पुष्कळ वर्षांनी एक काम बरोबर करत होते, आणि ते हे असं काम होतं.

टिकलीची पाळी आली तेव्हा ती सापडेना.

ती चंद्रव्वापाशी होती. दुपारपासून म्हातारीनं तिला किती वेळा हाकललं असेल, आणि ती किती वेळा परत आली असेल. आता तिनं पोत्याच्या शिवणीत नाक खुपसलं होतं आणि घशातल्या घशात हाक मारत होती. मेंढी आपल्या कोकराशिवाय दुसऱ्या कुणाला अशी हाक मारत नाही. चंद्रव्वा पोत्यावरून उठली होती. काठी खाली पडली होती.

"आज्जी, चारा असंल असं वाटत असंल तिला," सिद्धेश्वरी म्हणाली.

"चारा न्हाई गं बाई." चंद्रव्वानं पोत्याकडं बोट केलं. "हिचं खैरं कोकरू. त्येचं जावळ हाय ह्यात."

व्यापाऱ्याचा माणूस टिकलीला धरायला वाकला. चंद्रव्वानं तिच्या गळ्यात दोन्ही हात घातले.

"हिला न्हाई न्यायचं."

"मावशी, कोकरू न्हाई हिला. तुमच्या पोरानंच सांगितलंय—"

"साकु. बास," म्हातारी म्हणाली. कानडी आलं की तिच्यापुढं घरात कुणी बोलत नसे, आणि त्या परक्या माणसालाही ते कळलं असावं. तो धुळाप्पाकडं बघून निघून गेला.

ट्रक सुरू झाला. वरच्या मेंढ्या ओरडायला लागल्या, खालच्या उरलेल्या त्यांना ओ द्यायला लागल्या. हायवेच्या आवाजात मिसळेपर्यंत ते ऐकू येत राहिलं. धुळाप्पा वाटेवर उभा होता. विरेश त्याच्या शेजारी उभा राहिला, आणि थोड्या वेळानं त्यानं भावाच्या पाठीवर हात ठेवला. धुळाप्पानं तो झटकला नाही.

दिवस मावळायच्या आतच भुरभुर सुरू झाली. सगळ्यांनी मिळून मेंढ्या आणि कोकरं ताडपत्रीखाली घेतली. कोकरांची कातरलेली अंगं नुसती थडथडत होती. त्यांत एकाची आई परवाच गेली होती. ते उठायचं, कुठल्याही मेंढीकडं जायचं, ती त्याला ढुशी मारायची, ते पुन्हा पडायचं. सिद्धेश्वरीनं त्याला ओढणीत घेतलं. नवनाथचं दूध बोटानं चाटवून बघितलं, तर ते तोंड फिरवत होतं.

चंद्रव्वानं नवऱ्याकडं बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच नीट बघितलं. त्याच्या पैरणीतून खांद्याची हाडं दिसत होती.

"घोंगडी कुटं हाय?"

रेवणप्पानं मातीच्या ढिगाकडं मान केली. "कोकरांवर घातली. तशीच माती ढकलू वाटंना."

म्हातारीनं त्या ढिगाकडं बघितलं. त्या घोंगडीवर त्यांचं लग्न लागलं होतं. तिची दोन्ही पोरं त्या घोंगडीत गुंडाळून वाढली होती.

"बरं केलंत," ती शेवटी म्हणाली. मग नातीकडं वळली. "सिद्धे, इळा आन. आन् दाभण कुटं हाय बग."

विळा आला तसं तिनं स्वतः पोत्याची शिवण उसवली. आत जावळ कापसासारखं फुललेलं होतं, कोरडं, ऊबदार. परवाचं ऊन अजून त्यात असल्यासारखं वाटत होतं. "आज्जी, घोंगडं?" सिद्धेश्वरी म्हणाली.

"त्यांचंच हाय ते," चंद्रव्वा म्हणाली. "म्या मागितलं म्हून त्यांच्या अंगावरनं निगालं. म्या किती फोन केले, तुला म्हाईत हाय. तुजा आज्जा म्हनतोय म्या कातराय लावलं. त्येला लावनारी म्याच की." तिनं दोन्ही हातांनी लोकर बाहेर काढली. "दिसभर बसले ह्याच्यावर. उटले तर ते बी जाईल आसं वाटत हुतं मला. आता काड सगळी."

राजाबाई सासूच्या शेजारी येऊन बसली. दुपारी सासूबद्दल जे मनात आलं होतं ते तिला आठवलं. रिकामी पोती ओढून तिनं ती फाडायला घेतली. पोत्याच्या दोन पदरांमध्ये लोकर भरायची, कोकराच्या पोटाखालून घेऊन पाठीवर शिवायची, पायांना भोकं ठेवायची. धुळाप्पा कोकरं धरत होता. विरेशनं दाभण हातात घेतलं आणि पहिले दोन टाके चुकवले, मग हाताला आठवलं. म्हातारा लोकर पिंजून पिंजून पुढं सरकवत होता.

आई नसलेल्या कोकराची पाळी आली तेव्हा चंद्रव्वानं पोत्यात हात घालून चाचपलं, आणि काळ्या लोकरीतून खैऱ्या लोकरीचे पुंजके वेगळे काढले. मूठभरच निघाले. ते तिनं वरच्या अंगाला, पाठीवर, बाहेर राहतील असे दाभणानं टाचले. कोकराला उचलून ती टिकलीपुढं घेऊन गेली आणि जमिनीवर ठेवलं.

टिकली मागं सरली. मग पुढं आली. कोकराचं तोंड हुंगून तिनं मान वळवली, तेव्हा सगळ्यांचेच हात थांबले. मग तिचं नाक त्याच्या पाठीवर आलं.

"तुला घोंगडं न्हाई आता, सिद्धे," चंद्रव्वा म्हणाली. "सतरंजीवर बसशील न्हवं गं लग्नात?"

"बसंन की, आज्जी."

तेव्हा म्हातारी रडायला लागली, पदर तोंडाला न लावता, मोठ्यानं. कुणी तिला गप्प केलं नाही. बाहेर पाऊस वाढला होता आणि ताडपत्रीवर वाजत होता. कोकरू पोत्यातले पाय फाकवून टिकलीच्या कासेला लागलं. ती हलली नाही. त्याचं पोट भरेपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मधूनमधून मान वळवून त्याच्या पाठीवरचं आपल्या कोकराचं जावळ हुंगत राहिली.